ग्रीसला तोडीस तोड

मे महिन्यातल्या एका रविवारी विवेक मेश्राम पार्सिपनीतल्या आपल्या घराच्या डेकवर चहाचा कप घेऊन उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं, "मोनाली, लिहून ठेव. या उन्हाळ्यानंतर आपल्या घरात ग्रीसचं नाव निघणार नाही!"

"लिहून ठेवलं," मोनाली म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या करत होती आणि तिने मान वर केली नाही. "नायगराच्या वेळचंही लिहून ठेवलेलं आहे."

आता ही ग्रीसची भानगड काय, ते सांगायला हवं. विवेकच्या सासऱ्यांना, म्हणजे नागपूरच्या गजभिये सरांना, दोन मुली आणि दोन जावई. थोरला जावई विवेक, न्यू जर्सीत. धाकटा अंकुर, फ्रँकफर्टला. गेल्या वर्षी या अंकुरने सासू-सासऱ्यांना ग्रीसला नेलं आणि भूमध्य समुद्रात कॅटमरानवर दिवसभर फिरवून आणलं. कॅटमरान म्हणजे दोन पायांची, शिडाची, पांढरीशुभ्र बोट. त्या बोटीवर सर डोळ्यांना गॉगल लावून, एका हाताने शिडाची दोरी धरून उभे आहेत असा फोटो नागपूरच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बरोब्बर वर लागला. विवेकने काही वर्षांपूर्वी दाखवलेल्या नायगराचा फोटो इन्व्हर्टरवर होता. तोही आडवा.

बरं, फोटोचं एक वेळ सोडा. पण दर रविवारी फोन आला की सर म्हणायचे, "जय भीम विवेकराव! काय सांगू, असा समुद्र आम्ही जन्मात बघितला नव्हता!" वर्षभरात बावन्न रविवार येतात. माणसाने किती ऐकून घ्यायचं?

म्हणून या जूनमध्ये सासू-सासरे पार्सिपनीला येऊन दाखल होताच विवेकने जर्सी शोअरवरच्या एका मरिनामधून, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरून, कॅटमरानची डे क्रूझ बुक केली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, 'मेडिटेरेनियन अनुभव, मेडिटेरेनियन लंचसह.' समुद्र अटलांटिक होता, पण पाणी ते पाणी! विवेक एका औषध कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, त्यामुळे त्याने सगळ्याची एक्सेल शीट केली. दहा चाळीसला शिडाजवळ फोटो. अकरा वाजता बोटीच्या पुढच्या टोकाला ताणलेल्या जाळीवर फोटो. सगळ्यांना पांढरे लिननचे शर्ट, कारण ग्रीसच्या फोटोंत अंकुरने सगळ्यांना पांढरे शर्ट घालायला लावले होते.

"बाबांना गाडी लागते हं," मोनालीने आठवण करून दिली.

"गाडी लागते. बोट नाही. ग्रीसला लागली का? आणि कॅटमरान हलतच नाही. बाबा, पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही, माझी गॅरंटी!"

"तुम्ही म्हणता म्हणजे झालंच," सर म्हणाले. गजभिये सरांनी छत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली होती. वर्गात वाघ, पण जावयापुढे गाय. जावयाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी फक्त एक लिंबू कापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात टाकलं.

बोट खरोखरच सुंदर होती. इतकी पांढरी की बघताना डोळे बारीक करावे लागत. बोट चालवणारे कॅप्टन आणि त्यांची बायको. नियम बाईंनी वाचून दाखवले. चपला काढायच्या. रेड वाइन नाही. ब्लूबेरी नाही. नेलपॉलिश लावायचं नाही. "कुशनं याच सीझनला नवीन केलीत," असं म्हणताना बाईंनी एका कुशनवरून आपल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

चपला काढायच्या म्हटल्यावर प्रतिमाबाई, म्हणजे विवेकच्या सासूबाई, खूश झाल्या. "चांगल्या वळणाची आहे बाप्पा बाई," त्या म्हणाल्या.

याखेरीज बोटीवर एक गोरं जोडपं होतं. त्यातले आजोबा निवृत्त फायर फायटर होते. ते त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे ते कॅप्टनला विचारून घेतलं. काही लोकांना निवृत्ती मानवत नाही, त्यांतले ते एक.

बोट खाडीत होती तोवर सगळं एक्सेल शीटप्रमाणे चाललं होतं. मग ती मोकळ्या समुद्रात आली आणि हलत नाही म्हणता म्हणता अशी हलायला लागली की काही विचारू नका! सरांनी लिंबाची फोड नाकाला लावली, डोळे मिटले आणि मागच्या बाकावर एका कोपऱ्यात बसून घेतलं.

"बाबा, मस्त वाटतंय ना?" विवेकने विचारलं.

सरांनी तोंड न उघडता अंगठा वर केला.

"बघ! एन्जॉय करताहेत!" विवेक मोनालीला म्हणाला.

साडेअकराला मेडिटेरेनियन लंच आलं. पिटा ब्रेड, ऑलिव्ह, काकडी आणि मोठा बाऊल भरून हमस. प्रतिमाबाईंनी हमस बोटावर घेऊन चाटलं आणि त्यांचा चेहरा काळजीत पडला.

"काबुली चणे वाटून तसेच ठेवले की हो! फोडणी द्यायची राहिली वाटते बाईची."

"आई, ते तसंच असतं," मोनाली म्हणाली.

"असं कसं तसंच असेल? विसरली असेल बिचारी, एकट्या बाईवर किती काम पडून राहिलं! थांब."

असं म्हणून त्यांनी पर्स उघडली. विदर्भात गोळाभातावर घालायला लसूण, मोहरी, हिंग आणि सढळ हाताने हळद घातलेलं फोडणीचं तेल करतात. अमेरिकेत उतरल्यापासून प्रतिमाबाईंच्या पर्समध्ये पासपोर्टाच्या शेजारी त्या तेलाची बाटली असे. पिझ्झा आला की पिझ्झ्यावर, नूडल्स आल्या की नूडल्सवर. चालतं घरात! पण इथे त्यांनी झाकण काढायला, बोटीने उसळी घ्यायला आणि विवेकने "आई, नको!" म्हणून हात पुढे करायला एकच गाठ पडली. अर्धी बाटली पांढऱ्याशुभ्र कुशनवर! ताटाएवढा पिवळाधमक डाग पडला आणि वर चार लसणाच्या पाकळ्या.

"अगं बाई!" प्रतिमाबाई म्हणाल्या. "बरी अर्धी वाचली."

विवेकच्या डोळ्यांपुढे मात्र पुढचं सगळं उभं राहिलं. बाई ओरडणार, कॅप्टन बोट परत फिरवणार, फोटो राहणार, आणि नागपूरच्या हॉलमध्ये टीव्हीवर ग्रीस ते ग्रीसच! नाही, हे होऊ द्यायचं नव्हतं. त्याने समुद्राकडे बोट दाखवलं आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असा ओरडला, "डॉल्फिन! पुढच्या बाजूला! डॉल्फिन!"

सगळे पुढच्या जाळीकडे धावले. गोरं जोडपं, कॅप्टनची बायको, मोनाली, प्रतिमाबाई, विवेकची तेरा वर्षांची मुलगी उपासना, सगळे. मागे राहिले फक्त सुकाणूवरचे कॅप्टन, ज्यांची इकडे पाठ होती, आणि सर, ज्यांचे डोळे मिटलेले होते.

विवेकने सिंकखालून क्लीनरची स्प्रे बाटली काढली. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हळदीच्या डागाला साबण लावायचा नसतो, हे मराठी घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण विवेकने जन्मात स्वतःचा रुमालही कधी धुतला नव्हता. त्याने बाटलीचं तोंड डागावर धरलं आणि फसफस फसफस दहा-बारा फवारे मारले.

डाग लाल झाला.

गुलाबी नाही, तांबूस नाही. लालभडक! विवेकला वाटलं, आणखी थोडा मारला की जाईल. त्याने आणखी मारला आणि नॅपकिनने खसाखसा घासला. ताटाची परात झाली. पुढून बाईंचा आवाज यायला लागला, "कुठे आहेत डॉल्फिन? मला तर काहीच दिसत नाही!"

आणि मग विवेकला ती कल्पना सुचली. अशा कल्पना फक्त फार घाबरलेल्या माणसालाच सुचतात.

"बाबा," तो सरांच्या कानाशी म्हणाला, "तुम्ही जरा इथे आडवे होता का? या कुशनवर? आराम पडेल."

सरांनी डोळे न उघडता मान डोलावली, विवेकच्या आधाराने चार पावलं टाकली आणि परातीएवढ्या लाल डागावर पाठ टेकून उताणे झाले. डाग पार झाकला गेला! विवेकने कपाळाचा घाम पुसला.

डॉल्फिन न दिसल्यामुळे सगळ्यात आधी परत आले ते फायर फायटर आजोबा. पांढराफटक पडलेला एक म्हातारा डोळे मिटून आडवा झालेला त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सर, आर यू ओके?"

सर कसे बोलणार? तोंड उघडलं तर पोटातलं सगळं बाहेर येईल अशी परिस्थिती. त्यांनी फक्त हात हलवला. आजोबांनी सराईत हाताने त्यांना कुशीवर वळवलं. लिननचा पांढरा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत लाल!

"ब्लड!" आजोबा गरजले. "मोठा रक्तस्राव! कॅप्टन, रेडिओ!"

"नो नो!" विवेक मध्ये पडला. "टर्मरिक! इट्स यलो!"

"इट्स रेड, सर."

"आता रेड आहे! आधी यलो होतं!"

"तुमच्या हाताला काय लागलंय?" आजोबांनी थंड आवाजात विचारलं. विवेकने हात पाहिले. दोन्ही लाल होते.

तेवढ्यात बाकीची मंडळी परतली. कॅप्टनच्या बायकोने तो देखावा पाहिला आणि जागच्या जागी फतकल मारली. उपासनाने कानातले इअरबड काढले.

"डॅड," ती म्हणाली, "डिड यू किल आजोबा?"

कॅप्टन तोवर रेडिओवर कोस्ट गार्डशी बोलत होते. "एक वृद्ध गृहस्थ, साधारण सत्तरीचे. आधी पिवळे होते, आता लाल झालेत. बोलत नाहीत."

"विवेक!" मोनालीने एका नजरेत सगळं ओळखलं. केमिस्ट्रीच्या सरांची मुलगी ती! "हळदीला साबण लावलास तू?"

"थोडासाच!"

"अगं आई गं!"

मोनालीने इंग्रजीत समजावून सांगितलं. प्रतिमाबाईंनी मराठीत समजावून सांगितलं आणि पुरावा म्हणून उरलेली अर्धी बाटली फायर फायटर आजोबांच्या नाकाखाली धरली. पण आजोबा म्हणाले, रिस्क घेता येणार नाही. त्यांनी सरांच्या पायांखाली दोन लाइफ जॅकेट ठेवली आणि त्यांची नाडी धरून बसले, ती बंदर येईपर्यंत सोडली नाही. अर्ध्या वाटेवर कोस्ट गार्डची बोट येऊन सोबत चालू लागली. सगळ्या खाडीतल्या बोटी बाजूला होऊन वाट देत होत्या. विवेकच्या एक्सेल शीटमध्ये त्या वेळेला 'ग्रुप सेल्फी' असं लिहिलेलं होतं.

धक्क्यावर अॅम्ब्युलन्स उभी होती. दोन पॅरामेडिक स्ट्रेचर घेऊन धावत आले. पण सरांचे पाय जमिनीला लागले मात्र, त्यांच्या तोंडावर रंग परत आला. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, स्ट्रेचर हाताने बाजूला सारलं आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लिसन! दिस इज नॉट ब्लड. दिस इज केमिस्ट्री!"

आणि मग धक्क्यावर वर्ग भरला. सरांनी शर्ट काढून अॅम्ब्युलन्सच्या बॉनेटवर पसरला. स्वतः बनियनवर. हळदीत एक द्रव्य असतं, ते अल्कलीत लाल होतं आणि अॅसिडमध्ये पुन्हा पिवळं होतं, हे त्यांनी असं खणखणीत सांगितलं की मरिनामधले मासे पकडणारेसुद्धा गळ ठेवून जवळ आले. "नाऊ वॉच!" म्हणत त्यांनी खिशातून लिंबाची फोड काढली आणि लाल डागावर पिळली.

लाल डागात एक पिवळी रेघ उमटली.

"नो वे!" पॅरामेडिक म्हणाला. "पुन्हा करा!"

सरांनी पुन्हा केलं. कॅप्टनच्या बायकोने क्लीनर आणून दिला, सरांनी पिवळं लाल केलं, लाल पिवळं केलं. फायर फायटर आजोबांनी व्हिडिओ काढला आणि सरांना विचारलं, "सर, करीलाही असंच होतं का?" सर म्हणाले, "गुड क्वेश्चन!" शेवटी टाळ्या पडल्या. विवेकने आपले लाल हात पँटच्या खिशात लपवून ठेवले होते, म्हणून त्याला वाजवता आल्या नाहीत.

निघताना कॅप्टनच्या बायकोने ते कुशन विवेकच्या छातीशी टेकवलं. "हे आता तुमचं," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत लसणाचा वास भरला होता. पार्कवेवर ट्रॅफिक लागलं आणि विवेकला राहवलं नाही.

"सॉरी बाबा," तो म्हणाला. "अंकुरने तुम्हाला ग्रीस दाखवलं. आणि मी तुम्हाला अॅम्ब्युलन्स दाखवली."

मागच्या सीटवर प्रतिमाबाईंनी सरांना कोपराने ढोसलं. "सांगून टाका ना जी. किती मनाला लावून राहिले बिचारे."

"काय सांगून टाका?" मोनाली वळली.

सरांनी खाकरून घसा साफ केला. "विवेकराव, ग्रीसला वारं फार होतं त्या दिवशी. बोट सोडलीच नाही त्यांनी. दिवसभर धक्क्याला बांधलेली होती."

"काय?"

"बांधलेल्या बोटीवर जेवलो. मला त्यातही उलटी झाली. अंकुररावांनी मला दोरी धरायला लावली आणि धक्का दिसणार नाही असा फोटो काढला. फार वाईट वाटलं हो त्यांना. म्हणाले, विवेकदादाने तुम्हाला नायगरा दाखवला, मला एवढंही जमलं नाही."

"नायगरा?" विवेक गाडी पुढे घ्यायला विसरला. मागून हॉर्न वाजले. "नायगराला तर धुकं होतं! चार तास आपण धुक्यात उभे होतो! तुम्ही काही बघितलंच नाही!"

"हो ना," सर म्हणाले. "पण अंकुररावांना आम्ही सांगितलं, असा धबधबा जन्मात बघितला नव्हता. जावयाने प्रेमाने नेलं, मग त्याचा मान ठेवायला नको?"

विवेकला हसावं की रडावं कळेना. म्हणजे वर्षभर आपण ज्या ग्रीसशी झुंजत होतो ते ग्रीस दोराने बांधलेलं होतं! आणि बिचारा अंकुर आपल्या धुक्याशी झुंजत होता.

दुसऱ्या दिवशी प्रतिमाबाईंनी कुशनवर लिंबू पिळलं आणि ते डेकवर उन्हात टाकलं. चार दिवसांत डाग साफ गेला.

"उन्हाने जातोच हळदीचा डाग," सर म्हणाले. "नुसतं उन्हात ठेवायचं."

"बाबा! बोटीवर ऊनच ऊन होतं! मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही आडवं व्हा म्हणालात," सर म्हणाले. "मी झालो."

विवेक त्यांच्याशेजारी त्या कुशनवर बसला. "बाबा, आता भीड सोडा. या सगळ्यात तुम्हाला खरं काय आवडलं?"

सर जरा लाजले. "खरं सांगू? त्या धक्क्यावर वर्ग घेतला ना, ते. रिटायर झाल्यापासून बारा वर्षांनी कोणीतरी म्हणालं, सर, पुन्हा करून दाखवा." त्यांचे डोळे जरा ओलावले आणि विवेकला एकदम त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"आणि आता काय बघायचंय? जे सांगाल ते."

"बोट नको," सर घाईघाईने म्हणाले. "ते आयसेलिनला दुकानं आहेत म्हणतात ना, आपल्या लोकांची? तिथे चालू थोडं. पाणीपुरी खाऊ. बस्स."

शनिवारी विवेकने त्यांना आयसेलिनला नेलं. एक्सेल शीट केली नाही, पांढरे शर्ट घातले नाहीत. ओक ट्री रोडवर सर दुकानादुकानात शिरले, प्रतिमाबाईंनी साड्यांचे भाव विचारले आणि एकही घेतली नाही, सगळ्यांनी दोन-दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली. काहीही बिघडलं नाही. चला, विवेकला वाटलं, एक तरी दिवस खरा आनंदाचा दिला आपण.

तेवढ्यात अंकुरचा फोन आला. सरांनी फोन कानाला लावला.

"जय भीम अंकुरराव! हो हो, मजेत! आज आयसेलिनला आलोय विवेकरावांसोबत. काय सांगू तुम्हाला, असं आयसेलिन आम्ही जन्मात बघितलं नव्हतं!"

विवेकच्या तोंडात पाणीपुरी होती. ती तशीच राहिली. त्याने सरांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. सर हसत होते. पण हसत तर ते टीव्हीवरच्या फोटोतही होते!

संध्याकाळी अंकुरचा मेसेज आला. 'दादा, हे आयसेलिन नक्की कुठलं बेट आहे? बुकिंग किती महिने आधी करावं लागतं?'